मोटारीचें मेण : बाहेर कोठें व आंत कोठें?

खंडेनवमीस नांगर, कोळपें, पाभर यांच्याबरोबर मोटार व ट्रॅक्टर यांचीहि पूजा करण्याची चाल आतां आपल्या जिल्ह्यांत घरोघर पडली आहे. आदल्या दिवशीं गाडी धुवावयाची, पुसावयाची, पत्र्यास मेण लावून ती लखलखीत करावयाची, आणि मग झेंडूची माळ बांधावयाची. या कामांत एक गोष्ट नेहमीं घडते. बॉनेट होतें, दरवाजे होतात, तरी डब्यांत मेण उरतेंच. हातांत फडकें असतें, दरवाजा उघडा असतो, आणि आंतला डॅशबोर्ड उन्हानें फिका पडलेला दिसतो. जें पत्र्यास चांगलें तें यास वाईट कसें असेल, असें मनाशीं म्हणून फडकें आंत वळतें. आम्हीहि एका दसऱ्यास असेंच केलें. त्याचा परिणाम काय झाला तो पुढें सांगूं. प्रथम हें मेण म्हणजे काय, तें काय करतें व काय करीत नाहीं, हें पाहूं. तें एकदां नीट ध्यानांत आलें म्हणजे कोणत्या जागीं मेण लावावें हें ज्याचें त्यास ठरवितां येईल.

द्राक्षबागायतदारास मेणाची ओळख नव्यानें करून द्यावी लागत नाहीं. मण्यावर जी पांढुरकी, पिठूळ झांक असते व जी पुसली जाऊं नये म्हणून आपण घड देठानें धरतों, ती मेणाचीच असते. मण्यांतलें पाणी उडून जाऊं नये आणि वरून पडलेलें पाणी घरंगळून जावें यासाठीं निसर्गानें केलेली ही तजवीज आहे. बेदाणा करणारास तर हें मेण आडवेंच येतें. म्हणून तो दर लिटर पाण्यास २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे बाजारांत ज्यास डिपिंग ऑईल म्हणतात तें, घालून त्यांत घड कांहीं मिनिटें बुडवितो. त्यानें मण्याची साल फाटत नाहीं. केवळ मेणाच्या थराची घडी विस्कटते, पाण्यास बाहेर पडण्यास वाट होते, आणि माल लवकर सुकतो. यावरून मेण पाणी अडवितें हें स्पष्ट आहे. परंतु तें ऊन अडवितें काय? तसें असतें तर घडांस कागद गुंडाळण्याचा खटाटोप आपण केला नसता आणि बागेवर शेडनेटचा खर्चहि केला नसता. मण्याच्या अंगावर मेण असतेंच. तरीहि नागवा घड उन्हानें करपतो, आणि निर्यातीच्या मालास गुलाबी मण्यांचा डाग लागतो तो वेगळाच. ऊन अडवावयास सावलीच लागते. या लेखांत पुढें जें सांगावयाचें आहे तें बहुतेक या दोन गोष्टींतच आलें आहे.

मोटारीचें मेण हेंहि मण्यावरील मेणाच्याच जातीचें. उत्तम प्रतीच्या डब्यांत कार्नोबा नांवाचें मेण असतें. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत, जेथें पाऊस कमी व ऊन कडक, तेथें एक जातीचा ताड होतो. त्याच्या पानांवर पाणी राखण्यासाठीं मेणाचा थर धरतो. पानें कापून, वाळवून व झोडून तें मेण काढतात. वनस्पतींच्या मेणांत तें सर्वांत कठीण समजलें जातें. मधमाशीचें मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांस. बुटाच्या पॉलिशांतहि तें असतें. मात्र इतकें कठीण मेण फडक्यानें पसरतां येणें शक्य नसल्यामुळें डबे भरणारे त्यांत पॅराफिनसारखें नरम मेण मिसळतात आणि तें सर्व टर्पेंटाईन किंवा खनिज तेलापासून काढलेल्या पातळ द्रवांत कालवितात. पुष्कळ डब्यांत सिलिकोनचें तेलहि असतें, आणि ज्यास 'क्लीनर वॅक्स' म्हणतात त्यांत जुना रंग घासून काढण्यासाठीं बारीक खरेची पूड घातलेली असते. म्हणजे आपण मेण म्हणतों त्या डब्यांत एकटें मेण नसतें, हें लक्षांत ठेवावें. आंतल्या सामानास अपाय होतो तो पुष्कळदां या सोबत्यांमुळेंच.

पत्र्यावरील रंगास हें मेण कां लागतें? १९२०च्या दशकांत मोटारींना ड्यूकोसारखा फवाऱ्यानें मारावयाचा रंग देण्यास आरंभ झाला. तो लवकर वाळे, परंतु उन्हापावसानें त्याच्यावर खडूसारखी पूड येई. ती घासून काढून वर मेण लावल्याशिवाय गाडीस तेज राहत नसे. हल्लींच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक कठीण थर असतो, त्यामुळें पूर्वीइतकी गरज उरली नाहीं. तरी पावसाचें पाणी, चिखल, पक्ष्यांची विष्ठा आणि फवारणीचे शिंतोडे मेणावर थांबतात, रंगास चिकटत नाहींत, आणि धुतांना सहज निघतात. रंगाचा पृष्ठभाग गुळगुळीत व कठीण असतो. त्यांत द्रव मुरत नाहीं. फडक्यानें घासलें कीं जास्तीचें मेण पुसलें जातें. हे तीन गुण जेथें असतील तेथें मेण शोभतें.

आतां मोटारीच्या आंत पाहा. तेथें पाऊस नाहीं. ज्या शत्रूसाठीं मेणाचा पहारा बसवावयाचा तो शत्रूच तेथें येत नाहीं. तेथील शत्रु निराळे : ऊन, उष्णता, धूळ, हातांचा घाम, आणि आपल्या धंद्यांत औषधांची पूड. वैशाखांत उघड्यावर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरांत तापूं शकतो. इतक्या उष्णतेंत डब्यांतील नरम मेण ओलसर होतें व येईल ती धूळ धरून ठेवतें. कांहीं डब्यांवर ऊन अडविणारें द्रव्य घातल्याचें छापलेलें असतें. परंतु समोरची काच दोन काचांमध्यें प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, आणि त्या पापुद्र्यानें बहुतेक अतिनील किरण आधींच अडविलेले असतात. त्यांतून आंत येते ती उष्णता व उजेड. त्यांस हा केसाहून पातळ थर काय अडविणार? बाजूच्या काचांतून कांहीं अतिनील किरण येतात हें खरें, पण त्यांवरहि उपाय सावलीचाच आहे.

मग ही चाल पडली कशी? आमच्या समजुतीप्रमाणें तिचें मूळ जीपगाडींत आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें आरंभीं विलिस जीप जोडून विकण्याचें काम हातीं घेतलें, आणि पुढें अनेक वर्षें खेड्यांतील रस्त्यांवर जीपच दिसे. त्या गाडीस आंत व बाहेर असा भेदच नव्हता. डॅशबोर्ड पत्र्याचा, पायाखालचा तळ पत्र्याचा, बाजू पत्र्याच्या, आणि वरचें कापड काढलें कीं सर्व उघडें. पाऊस आला तर दोन्हीकडे सारखाच. रंगहि एकच. अशा गाडीस जुन्या मंडळींनीं आंतून मेण लावलें तें योग्यच केलें. आज त्याच कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यांतून बोलेरो, स्कॉर्पिओ वगैरे गाड्या निघतात. त्यांच्या आंत बसल्यावर रंगविलेला पत्रा थोडाच डोळ्यांस पडतो. वडिलांची संवय मुलांकडे आली, पण मधल्यामधें पत्र्याच्या जागीं प्लॅस्टिक आलें याकडे लक्ष गेलें नाहीं. बैलगाडीच्या आंसास वंगण लागतें म्हणून कोणी तें जुवास चोळीत नाहीं. गाडी एकच असली तरी जागा निराळी असते.

आतां आमची स्वतःची गोष्ट. त्या दसऱ्यास आम्हीं आमच्या गाडीचा डॅशबोर्ड मेणानें असा घासला कीं त्यांत तोंड दिसावें. घरच्यांनीं वाहवा केली. पुढें कार्तिकांत एके दिवशीं पिंपळगांव बसवंतचें काम आटोपून सायंकाळीं नाशिककडे परत येत होतों. या वाटेनें येतांना त्या महिन्यांत मावळता सूर्य जवळजवळ समोरच असतो. समोरच्या काचेंत रस्ता दिसण्याऐवजीं आमच्याच डॅशबोर्डाचें प्रतिबिंब दिसूं लागलें. त्यावर ठेवलेली पावती व फडकें हींसुद्धां काचेवर तरंगतांना दिसत होतीं. रस्त्याच्या कडेनें एक मनुष्य सायकलीवर चाऱ्याचा भारा बांधून चालला होता. तो आम्हांस दिसला तेव्हां अंतर फारच थोडें उरलें होतें. ब्रेक दाबला, गाडी थांबली, तो मनुष्य मागें न पाहतां पुढें निघून गेला. त्यास कांहीं कळलेंहि नाहीं. आम्हांस मात्र बराच वेळ गाडी पुढें नेववेना. चूक सर्वस्वीं आमच्या हातची होती.

याचें कारण असें. गाडी बनविणारे डॅशबोर्डाचा वरचा भाग मुद्दाम खरखरीत व निस्तेज ठेवतात. त्यावर पडलेला उजेड चहूंकडे विखुरला जावा, एकत्र होऊन काचेकडे व डोळ्यांकडे जाऊं नये, हा त्यांतला हेतु. आपण मेणानें ते बारीक खळगे भरून काढतों व त्याचा आरसा करतों. समोरची काच तिरपी असल्यामुळें आरशांतला उजेड तिच्यावर आपटून थेट चालकाच्या डोळ्यांत येतो. याखेरीज दुसरा एक प्रकार घडतो, तो हळूहळू घडत असल्यामुळें लवकर ध्यानांत येत नाहीं. डॅशबोर्ड तापला म्हणजे मेणांतील पातळ द्रवाची वाफ होते व ती काचेच्या आंतल्या बाजूस जाऊन बसते. दिवसा हा थर दिसत नाहीं. रात्रीं समोरून मोठ्या गाडीचे दिवे आले कीं सगळी काच दुधासारखी पांढरी होते. कसारा घाटांत, पावसाळ्याच्या रात्रीं, धुकें असतांना काचेचा हा दोष किती महाग पडेल हें त्या वाटेनें भाजीपाला घेऊन मुंबईस जाणारांस सांगावयास नको.

डॅशबोर्डाच्या खळग्यांत मेण सुकलें कीं पांढरे डाग पडतात, आणि ते ओल्या फडक्यानें जात नाहींत. बैठकीचें रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यांत तेलासारखें द्रव्य मिसळलेलें असतें. मेणांतील पातळ द्रव त्या तेलास विरघळवून बाहेर ओढूं शकतो, आणि वारंवार तसें झालें तर रेक्झिन ताठ होऊन शिवणीपाशीं तडकतें. दरवाजाच्या कडेचें रबर खनिज तेलाच्या द्रवानें फुगतें व सैल होतें. मग पावसाळ्यांत त्यांतून पाणी झिरपतें, म्हणजे ज्यासाठीं मेण लावलें त्याच्या अगदीं उलट फळ. वेग व इंधन दाखविणाऱ्या यंत्रांवरील पारदर्शक झांकण मऊ प्लॅस्टिकचें असतें. त्यावर खरेच्या पुडीचें मेण एकदां फिरलें तरी कायमचे ओरखडे उठतात. कापडी बैठकीचा तर प्रश्नच नाहीं. त्यांत मेण मुरतें व मळ धरतें.

परंतु या सर्वांहून कडक निषेध करावयाचा तो दोन जागांचा : स्टिअरिंगचें चाक, आणि ब्रेक, क्लच व ॲक्सिलरेटर यांचीं पायडलें. चाक हातांतून सटकूं नये व पायडलावरून पाय घसरूं नये एवढ्यासाठींच त्यांस खरखरीतपणा दिलेला असतो. ट्रॅक्टरवर बसणारानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. काळ्या रानांतून चिखलानें भरलेला बूट घेऊन मनुष्य बसतो. त्यांत पायडलास मेणाचा हात लागलेला असला, तर उतारावर काय होईल याची कल्पना करावी. पूजेच्या उत्साहांत मुलें हातीं लागेल तेथें फडकें फिरवितात; त्यांस हें आधींच सांगून ठेवावें.

आपल्या जिल्ह्यांतील गाड्यांस एक गोष्ट विशेष आहे, ती शहरच्या गाड्यांस नाहीं. भुरीसाठीं गंधकाची धुरळणी, केवड्यासाठीं बोर्डो मिश्रण, कीटकांसाठीं निरनिराळीं विषारी औषधें, हें सर्व करून त्याच कपड्यांनिशीं आपण गाडींत बसतों. बागेच्या कडेस उभ्या असलेल्या गाडीच्या उघड्या खिडकींतूनहि पूड आंत येते. ती बैठकीवर, दरवाजाच्या मुठीवर व डॅशबोर्डावर बसते. त्यावर मेण फिरविलें कीं ती पूड त्यांत कालवली जाऊन तेथेंच राहते. गाडी चकचकीत दिसते एवढेंच. संध्याकाळीं त्याच गाडींतून मुलें शाळेंतून येतात, तींच मूठ धरतात, तीच बोटें तोंडांत घालतात. म्हणून आंतून मेण लावण्यापूर्वींच नव्हे, तर फवारणीच्या दिवसांत वरचेवर, गाडी आंतून ओल्या फडक्यानें पुसून काढणें हें काम महत्त्वाचें समजावें. कोरडें फडकें झटकूं नये. त्यानें पूड उडून नाकांत जाते. पुसतांना रबरी मोजे घालावे व तें फडकें वेगळें ठेवावें. औषधांच्या बाटल्या चालकाच्या शेजारीं न ठेवतां मागें हौद्यांत, बंद पेटींत न्याव्या, हें जातां जातां सांगून ठेवतों.

आंत कोठेंच मेण लावूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. दरवाजा उघडल्यावर जी रंगविलेली चौकट दिसते तेथें अवश्य लावावें. चढतांउतरतांना बुटाचा चिखल तेथें लागतो, पावसाचें पाणी तेथून ओघळतें, आणि खालच्या उंबऱ्यापाशीं गंज तेथूनच सुरू होतो. बॉनेटच्या कडा, मागच्या दाराची आंतली बाजू, जुन्या जीपचा पत्र्याचा डॅशबोर्ड (त्याचा काचेलगतचा वरचा भाग सोडून), पिकअपच्या दरवाजाचा आंतून उघडा राहिलेला रंगीत पत्रा, ट्रॅक्टरचीं मडगार्डें, या ठिकाणीं बाहेरचेंच मेण उपयोगी पडतें. कारण रंग तोच आहे आणि पाणी तेथें खरोखर पोंचतें. मात्र आधीं धुऊन पूर्ण कोरडें करावें, मेण अगदीं थोडें घ्यावें, आणि तें कापडी बोळ्यानें लावावें, फवाऱ्यानें मारूं नये. फवारा मारल्यास काचेवर व पायडलांवर उडाल्याशिवाय राहत नाहीं. नव्या गाड्यांत काळ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांवर खरेची पूड नसलेलें मेण क्वचित् चालतें; परंतु त्याचा फायदा इतका थोडा आहे कीं आम्ही स्वतः तें करीत नाहीं.

डॅशबोर्डास जर जपावयाचें असेल तर द्राक्षाच्या घडास करतों तेंच करावें. घडास जसा कागद, तसें गाडी उभी असतांना डॅशबोर्डावर एखादें जाड पांढरें धोतराचें कापड किंवा जुनी चादर पसरावी. चालवितांना तें काढून ठेवावें, कारण पांढऱ्या कापडाचें प्रतिबिंबहि काचेंत पडतें. समोरच्या काचेस आंतून उभा करावयाचा पुठ्ठा त्याहूनहि बरा, कारण तो उजेड डॅशबोर्डापर्यंत येऊंच देत नाहीं. नाशिक सुमारें २० उत्तर अक्षांशावर आहे. येथें सुमारें मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उघड्यावर गाडी उभी करतांना तिचें तोंड उत्तरेस ठेवलें तर समोरच्या काचेंतून येणारें ऊन कमी होतें. हिंवाळ्यांत हा फरक पुष्कळ पडतो. लिंबाखालीं गाडी लावणाऱ्यांस सावली मिळते आणि पक्ष्यांची घाणहि मिळते. पण ती बाहेरच्या पत्र्यावर, जेथें मेण आहे, तेथें पडते, तेव्हां तक्रार करण्याचें कारण नाहीं.

आंतली सफाई करावयाची ती कोमट पाण्यांत थोडा सौम्य साबण घालून, फडकें घट्ट पिळून. नंतर साध्या पाण्याच्या फडक्यानें साबण काढून कोरडें पुसावें. बाजारांत डॅशबोर्डासाठीं स्वतंत्र द्रव्यें मिळतात; त्यांत जें पाण्यांत केलेलें असून चमक आणीत नाहीं असें लिहिलेलें असेल तें घ्यावें. ज्यांत सिलिकोनचें तेल असून चकाकीची जाहिरात केलेली असते तें मेणाचाच भाऊ समजावा. त्यानेंहि काचेचा तोच दोष उत्पन्न होतो.

ज्यांनीं आधींच मेण लावून ठेवलें आहे त्यांनीं घाबरून रॉकेल किंवा थिनरनें तें पुसूं नये. प्लॅस्टिक त्यानें फिकें व चिकट होतें. आम्हांस पुढील रीतीनें यश आलें. गाडी उन्हांत थोडा वेळ ठेवून डॅशबोर्ड कोमट होऊं दिला, म्हणजे मेण नरम होतें. मग साबणाच्या कोमट पाण्यांत दांत घासावयाचा मऊ ब्रश बुडवून खळग्यांतून गोल गोल फिरविला, आणि सुटलेला मळ लागलीच पिळलेल्या फडक्यानें टिपून घेतला. एकदां करून भागलें नाहीं. दर आठ दिवसांनीं तीन वेळां करावें लागलें. जे पांढरे डाग तरीहि राहिले ते मुलांच्या शाळेच्या खोडरबरानें हलक्या हातानें घासल्यावर निघाले. शेवटीं समोरची काच आंतून दोनदां पुसली : एकदां साबणाच्या पाण्यानें व एकदां कोऱ्या पाण्यांत भिजवून पिळलेल्या वर्तमानपत्राच्या कागदानें. कागदावर जो करडा चिकट थर आला तो पाहिल्यावर आम्हांस त्या कार्तिकांतल्या संध्याकाळची पुन्हां आठवण झाली. यंदा खंडेनवमीस आमच्या घरीं मेणाचा डबा गाडीच्या बाहेर ठेवतात, आणि दरवाजाच्या चौकटी झाल्या कीं झांकण लावून कपाटांत नेऊन ठेवतात.